पाळण्याशेजारचे भय : बाळंतपणानंतरचे मानसिक आजार आणि थरारकथा



काही महिन्यांपूर्वी घरभेटीच्या निमित्ताने आम्ही एका कुटुंबात गेलो होतो. घरात पहिलेच बाळ, जेमतेम दीड महिन्याचे. प्रार्थना झाली, बाळाला आशीर्वाद दिला. आजी चहा ठेवायला आत गेल्या तशी बाळाची आई हळू आवाजात म्हणाली, "फादर, एक विचारू? रागावणार नाही ना?" मग तिने जे सांगितले ते असे. रात्री बाळाला पाजताना डोळा लागू नये म्हणून ती मोबाईलवर चित्रपट पाहत असे. अशाच एका चित्रपटात तिने एक नवी आई पाहिली. तिला भास होत होते आणि तिचे बाळ तिच्याच हाती सुरक्षित नव्हते. तेव्हापासून स्वयंपाकघरातली सुरी दिसली की हिच्या पोटात गोळा येई. 'मीही असे काही करीन का?' हा विचार नको नको म्हणताना पुन्हा पुन्हा येई. ती सुरी डब्यामागे लपवून ठेवी आणि बाळाला आंघोळ घालायला सासूबाईंनाच सांगे. "मला काही लागले आहे का, फादर? की मी आईच वाईट आहे?"

तिच्या परवानगीने, नाव-गाव न सांगता, आम्ही हा प्रसंग येथे मांडत आहोत. तिच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच होते. परंतु ते नुसते सांगून भागत नाही, समजावून सांगावे लागते. नव्या आईच्या मनातील भयावर आधारलेल्या कादंबऱ्या आणि चित्रपट हल्ली मोठ्या संख्येने येत आहेत आणि ते घरोघरी मोबाईलवर पाहिले जात आहेत. अशा कथांतून काय घ्यावे, काय सोडून द्यावे आणि त्यांच्यामागचा खरा आजार कसा ओळखावा, याचा थोडा विचार या लेखात करू.

एका लेखिकेचा अनुभव

या प्रकारच्या कथांचे मूळ शोधू गेल्यास आपण १८९२ सालापर्यंत मागे जातो. त्या वर्षी अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांची 'द यलो वॉलपेपर' ही कथा एका मासिकात प्रसिद्ध झाली. कथेतील स्त्री नुकतीच आई झाली आहे. तिचा पती डॉक्टर असून त्याचे तिच्यावर प्रेमही आहे. हवापालट म्हणून तो तिला भाड्याच्या एका मोठ्या घरात आणतो आणि वरच्या मजल्यावरील, खिडक्यांना गज असलेल्या खोलीत विश्रांती घ्यायला लावतो. लिहायचे नाही, फारसे कोणाला भेटायचे नाही, स्वस्थ पडून राहायचे. बाळाला दुसरीच बाई सांभाळते. पडल्या पडल्या ती भिंतीवरील पिवळ्या कागदाची नक्षी पाहत राहते आणि हळूहळू तिला त्या नक्षीमागे कोंडलेली एक स्त्री दिसू लागते.

कथेतील भुताटकी काल्पनिक असली तरी दुःख खरे होते. १८८५ मध्ये मुलीला जन्म दिल्यानंतर गिलमन स्वतः तीव्र नैराश्यात गेल्या होत्या. १८८७ मध्ये त्या फिलाडेल्फियाचे विख्यात डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांच्याकडे उपचारासाठी गेल्या. अंथरुणात पडून राहणे, भरपूर खाणे आणि एकांत हा त्या डॉक्टरांचा त्या काळी गाजलेला उपचार होता. घरी परतताना त्यांना लेखणी पुन्हा हाती न धरण्याचा सल्ला मिळाला. त्या सल्ल्याने आपण वेडाच्या अगदी कडेला पोहोचलो होतो, असे त्यांनी १९१३ मध्ये लिहिले. अशा उपचारापासून इतरांनी वाचावे, हाच ही कथा लिहिण्यामागचा आपला हेतू होता, असेही त्यांनी त्याच लेखात नमूद केले.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कथेतील पती दुष्ट नाही. तो फक्त ऐकत नाही. 'तुला काही झालेले नाही, तू मनाला लावून घेतेस' एवढेच तो म्हणतो. आपल्याही घरांत हे वाक्य किती सहजपणे बोलले जाते!

रोझमेरीचे बाळ

आयरा लेविन यांची 'रोझमेरीज बेबी' ही कादंबरी १९६७ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी रोमन पोलान्स्की यांनी तिच्यावर चित्रपट काढला. लहानपणी कॅथॉलिक संस्कारांत वाढलेली व पुढे श्रद्धेपासून दूर गेलेली रोझमेरी न्यूयॉर्कमधील एका जुन्या इमारतीत राहायला येते, गरोदर होते, आणि आपल्या पोटातील बाळाभोवती शेजारी, डॉक्टर व खुद्द पती यांनी काही कट रचला आहे असा तिला संशय येतो. ही कथा १९६५ साली पोप सहावे पॉल यांनी न्यूयॉर्कला दिलेल्या भेटीच्या सुमारास घडते. अमेरिकेतील कॅथॉलिक चित्रपट कार्यालयाने या चित्रपटाला 'निषिद्ध' अशी श्रेणी दिली होती. त्यातील सैतानपूजेचे आणि आपल्या पवित्र श्रद्धेच्या विडंबनाचे चित्रण पाहता तो निर्णय समजण्याजोगा होता.

तरीही त्यातील एक प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. घाबरलेली रोझमेरी आपल्या डॉक्टरांना टाळून दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांकडे धाव घेते आणि सर्व हकिकत सांगते. ते शांतपणे ऐकून घेतात, तिला विश्रांती घेण्यास सांगतात आणि मग तिच्या पतीला व पहिल्या डॉक्टरांनाच बोलावून घेतात. प्रेक्षकाच्या अंगावर काटा येतो तो सैतानामुळे नव्हे. एका गरोदर बाईचे म्हणणे कोणीच खरे मानत नाही, यामुळे.

अलीकडच्या कथा

गेल्या काही वर्षांत अशा कथांना जणू भरती आली आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेनिफर केंट यांच्या 'द बाबाडूक' (२०१४) या चित्रपटात पतीच्या मृत्यूचे दुःख गिळून बसलेली आई आणि तिचा लहान मुलगा एका काळ्या आकृतीच्या छायेत जगतात. ती आकृती शेवटी मरत नाही. तळघरात ठेवून तिची निगा राखावी लागते. कॅनडाच्या ॲशली ऑड्रेन यांच्या 'द पुश' (२०२१) या कादंबरीत आपल्या मुलीतच काहीतरी विपरीत आहे असे आईला वाटत राहते, आणि घरात तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. अर्जेंटिनाच्या आरियाना हार्विक्झ यांच्या २०१२ मधील कादंबरीवर लिन रॅमसे यांनी काढलेला 'डाय माय लव्ह' हा चित्रपट २०२५ च्या कान महोत्सवात दाखवला गेला.

'टली' (२०१८) या चित्रपटाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल. (ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी हा परिच्छेद वगळावा.) तिसऱ्या बाळंतपणाने पिचून गेलेल्या एका आईच्या मदतीला रात्रीची दाई म्हणून टली नावाची हसतमुख तरुणी येते. घर आवरले जाते, आईला झोप मिळते, सगळे सुरळीत होते. शेवटी कळते की टली नावाची कोणी दाई नव्हतीच. तो त्या आईचा भास होता, आणि रात्रभर जागून घर आवरणारी तीच होती. चित्रपटात या सगळ्याचे कारण अतिश्रम व झोपेचा अभाव असे सांगितले जाते. परदेशांत मातांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला. जे दाखवले तो गंभीर आजार आहे. मग त्याचे नाव का घेतले नाही आणि उपचार का दाखवले नाहीत, असा त्यांचा सवाल होता. आम्हांला हा आक्षेप रास्त वाटतो.

आपल्या मराठीतही 'लपाछपी' (२०१७) हा विशाल फुरिया यांचा चित्रपट आला. पुढे २०२१ मध्ये त्यावरून 'छोरी' हा हिंदी चित्रपट निघाला. उसाच्या रानातील एकाकी घर, गरोदर स्त्री आणि मुलांचे भास अशी मांडणी त्यात आहे. परंतु त्यातील खरे भूत म्हणजे मुलगी नको असलेली माणसे. हा मुद्दा केवळ पडद्यापुरता नाही, हे पुढे दिसेलच.

वैद्यकशास्त्र काय सांगते?

कथा-चित्रपटांची सर्वांत मोठी उणीव ही की ते तीन-चार निरनिराळ्या अवस्थांची सरमिसळ करतात. त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली अवस्था म्हणजे बाळंतपणानंतरची हळवी मनःस्थिती. निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ती अनुभवास येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उगाच रडू येणे, चिडचिड, धास्ती. साधारण दोन आठवड्यांत हे आपोआप ओसरते. त्याला आधार, झोप आणि धीर पुरेसा होतो.

दुसरी अवस्था म्हणजे प्रसूतिपश्चात नैराश्य. दोन आठवडे उलटूनही उदासपणा जात नाही. बाळ झोपले तरी आईला झोप येत नाही, जेवणावर वासना राहत नाही, बाळाविषयी काही वाटेनासे होते, 'माझ्यावाचून याचे बरे चालेल' असे विचार येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभरात नुकत्याच प्रसूत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक विकार होतो, आणि त्यात नैराश्य प्रमुख असते. विकसनशील देशांत हे प्रमाण सुमारे २० टक्के आहे. हा आजार समुपदेशनाने आणि आवश्यक तेथे औषधांनी बरा होतो. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी औषधे आहेत. ती डॉक्टरांनीच ठरवावीत.

तिसरी अवस्था म्हणजे प्रसूतिपश्चात उन्माद. थरारकथा बहुधा हिच्याच आधारावर रचल्या जातात. प्रत्यक्षात ती विरळ आहे. दर हजार प्रसूतींमागे एक ते दोन स्त्रियांना ती गाठते, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच, आणि तीही अचानक. आई दिवसेंदिवस झोपत नाही तरी तिला थकवा जाणवत नाही. ती असंबद्ध बोलते, क्षणात आनंदी तर क्षणात भयभीत होते. आवाज ऐकू येतात. बाळ देवदूत आहे, शापित आहे किंवा बदलले गेले आहे अशी तिची खात्री पटते. ज्यांना पूर्वी द्विध्रुवी विकार झाला आहे किंवा आधीच्या बाळंतपणात असा उन्माद झाला आहे, त्यांना हा धोका अधिक असतो. ही तातडीची वैद्यकीय अवस्था आहे. 'सकाळी पाहू' असे म्हणू नये. त्याच रात्री रुग्णालय गाठावे. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतांश स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात आणि आपल्या मुलांना उत्तम वाढवतात. चित्रपटात ही शेवटची गोष्ट क्वचितच दाखवली जाते.

आता आमच्या त्या तरुण आईकडे वळू. तिची अवस्था या तिसऱ्या प्रकारातली नव्हती. बाळाला इजा होईल किंवा आपल्याच हातून होईल असे नकोसे विचार मनात घुसणे नव्या आईबापांत फार सर्रास आढळते. फक्त लाजेमुळे कोणी बोलत नाही. अशा विचारांनी आई हादरते, सुरी लपवते, बाळापासून लांब राहते. तो विचार तिला स्वतःचा वाटत नाही, त्याची किळस येते. उन्मादात याच्या उलट होते. तेथे भयंकर कल्पना आईला खरी आणि योग्य वाटू लागते. हा फरक फार मोलाचा आहे. ज्या आईला आपल्या विचाराची भीती वाटते, तिला दटावू नये आणि तिच्याकडून बाळही काढून घेऊ नये. हे विचार वारंवार येऊन छळू लागले तर त्यांवरही चांगले उपचार आहेत. मात्र फरक कोणता हे आपण घरी बसून ठरवायचे नसते. ते काम डॉक्टरांचे आहे.

कल्पित कथा न्यायालयात शिरते तेव्हा

जून २००१ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे पाच मुलांच्या एका आईने आपल्या पाचही मुलांचा जीव घेतला. आधीच्या बाळंतपणानंतर तिला गंभीर मानसिक आजार झाला होता आणि पुढील गरोदरपण धोक्याचे ठरेल असा इशारा डॉक्टरांनी दिला होता. आपण वाईट आई आहोत, आपल्या हाताखाली ही मुले नरकात जातील, अशी तिची भ्रामक खात्री झाली होती.

२००२ मधील खटल्यात सरकारी पक्षाच्या तज्ज्ञाने साक्ष दिली की, 'लॉ अँड ऑर्डर' या लोकप्रिय मालिकेच्या एका भागात हुबेहूब अशीच आई वेडाच्या कारणाने निर्दोष सुटल्याचे दाखवले गेले होते. त्या स्त्रीने ती कल्पना मालिकेवरूनच उचलली असावी, असे ज्यूरीला सुचवले गेले. ती दोषी ठरली, जन्मठेप झाली. पुढे उघड झाले की असा भाग कधी प्रसारितच झाला नव्हता. तज्ज्ञाने आपली चूक कबूल केली. या चुकीच्या साक्षीमुळे जानेवारी २००५ मध्ये अपील न्यायालयाने निकाल रद्द केला, आणि जुलै २००६ मध्ये दुसऱ्या खटल्यात ती वेडाच्या कारणाने निर्दोष ठरून मनोरुग्णालयात पाठवली गेली.

थरारकथांनी मनात एक साचा तयार केला की खऱ्या आजारी बाईलाही आपण त्याच साच्यातून पाहू लागतो. येथे तर अस्तित्वातच नसलेल्या कथेने एका रुग्णाला काही वर्षे गुन्हेगार ठरवले.

भूतबाधा की आजार?

आपल्या समाजात बाळंतिणीच्या वागण्यात फरक पडला की 'वारे लागले', 'बाहेरचे काही आहे' असे म्हणण्याची चाल अद्याप गेलेली नाही. प्रार्थनेसाठी एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यात मोलाचे दिवस निघून जातात. याबाबत ख्रिस्तसभेची शिकवण संदिग्ध नाही. कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या १६७३ व्या परिच्छेदात भूतनिवारणाचा विचार करताना, आजार आणि विशेषतः मानसिक आजार ही वेगळी बाब असून तिचे उपचार हा वैद्यकशास्त्राचा विषय आहे, असे म्हटले आहे. हा विधी बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणीही करू शकत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. प्रार्थना जरूर करावी; रुग्णालयाच्या वाटेवरही करता येते.

पवित्र शास्त्रातील एलिया संदेष्टा आठवावा. थकून, जगण्याला कंटाळून तो झुडपाखाली पडला तेव्हा देवदूताने त्याला प्रथम उपदेश केला नाही; भाकर दिली, पाणी दिले आणि झोपू दिले. बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाला हा क्रम उपयोगी पडावा.

गोव्यातील अभ्यासाचा धडा

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापसा येथील जिल्हा रुग्णालयात बाळंतिणींचा अभ्यास केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या आढळल्या. त्यांतील बहुतेकींना गरोदरपणातच मानसिक त्रास सुरू झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनीही बऱ्या झाल्या नव्हत्या. गरिबी, पतीशी बिघडलेले संबंध आणि बाळ मुलगी असणे यांचा या आजाराशी संबंध दिसून आला. 'लपाछपी'तील भूत रुग्णालयाच्या नोंदींत सापडले, ते असे. 'पुन्हा मुलगीच का?' हा टोमणा एखाद्या आईला आजारी पाडण्यास हातभार लावतो, हे आपण ख्रिस्ती घरांनीही मनावर घ्यायला हवे.

आपण काय करावे?

१. बाळाला पाहायला जाल तेव्हा आईकडेही पाहा. 'दूध येते का?' याआधी 'तुला झोप मिळते का?' असे विचारा. रात्रीचे एक पाजणे कोणीतरी सांभाळले तर सलग चार-पाच तासांची झोप मिळते. ती औषधासारखी आहे.

२. दोन आठवड्यांनंतरही उदासपणा टिकला तर प्रसूतितज्ज्ञांना किंवा बालरोगतज्ज्ञांना सांगा. १९८७ मध्ये तयार झालेली एडिनबरा प्रश्नावली केवळ दहा प्रश्नांची आहे आणि काही मिनिटांत होते. तिच्यावरून पुढील तपासणीची गरज कळते.

३. भास, भ्रम, झोप पूर्ण उडणे किंवा जीव देण्याची भाषा दिसल्यास आईला आणि बाळाला एकटे सोडू नका. तत्काळ रुग्णालयात न्या. 'टेली-मानस' ही सरकारची निःशुल्क दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस, मराठीतूनही बोलता येते.

४. 'रुग्णालयात नेले तर बाळ तोडतील' या भीतीने आजार लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मुलाला सहसा वेगळे करता येत नाही. धोका असेल तरच आणि तात्पुरते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून आई व बाळ यांच्यासाठी एकत्र विभागही आहे.

५. पतींनो, शार्लटच्या कथेतील डॉक्टर नवरा होऊ नका. पत्नी काय म्हणते ते आधी पूर्ण ऐका.

आणि चित्रपटांचे काय? आम्ही सरसकट बंदीच्या बाजूचे नाही. चांगली कथा आईच्या एकटेपणाला शब्द देते. १८९२ च्या त्या कथेने तेच केले. परंतु बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, अपुऱ्या झोपेत, मध्यरात्री एकटीने असे चित्रपट पाहणे टाळलेले बरे. ज्यांनी ते जरूर पाहावेत ते म्हणजे आम्ही इतर : नवरे, सासवा, दीर आणि धर्मगुरूही. पाहताना मात्र 'ही आई काय करील?' हा प्रश्न बाजूला ठेवून 'हिचे कोणी का ऐकले नाही?' हा प्रश्न मनाशी धरावा.

त्या घरी आम्ही त्या दिवशी फार काही केले नाही. तिचे म्हणणे ऐकले, तिच्या पतीला बोलावून तिच्यादेखत समजावले आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले. सासूबाईंनी आधी नाक मुरडले, पण दवाखान्यात सोबत गेल्या त्याच. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी आई मुलाला स्वतः कडेवर घेऊन आली होती. चर्चच्या दारात ती म्हणाली, "फादर, काल आंघोळ मीच घातली."